मनालाही निचरा हवा

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग यांजकडून)



या पत्रिकेच्या पानांतून आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडीत आलो. आजचा विषय वाचून कोणी म्हणेल, "साहेबांनी उसाची वाट सोडून भजनाची धरली काय?" तसे काही नाही. ऊस ज्या हातांनी पिकतो त्या माणसाचे मन ठिकाणावर नसेल, तर बेणेही वाया जाते आणि खतही, हे आम्ही शिवारात फिरून पाहिले आहे. तेव्हा गाण्याबजावण्याने मनाचा भार कसा हलका होतो, का होतो आणि कुठवर होतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सुरुवात जमिनीपासूनच करू. नदीकाठच्या चिबड रानात ऊस पिवळा पडतो. आपण म्हणतो, खत कमी पडले, आणि युरियाचे पोते फोडतो. ऊस काही हिरवा होत नाही. कारण मुळांभोवती पाणी साचलेले असते, हवा नसते, त्यामुळे मुळी अन्न घेऊच शकत नाही. अशा रानाला आधी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते. वाफसा आला की मग खत लागू पडते. माणसाच्या मनाचेही असेच आहे. काळजी, दुःख, राग आत साचून राहिला की चांगला सल्लासुद्धा मुळापर्यंत पोचत नाही. आधी निचरा हवा. आपल्या वाडवडिलांनी हा निचरा गाण्यातून केला. तो चर आता बुजत चालला आहे, ही आजची काळजी.

आम्हांला हे कसे उमगले

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भोगावतीकाठचा पुष्कळ ऊस पाण्याखाली गेला, हे सर्वांना आठवत असेलच. आमच्या गटातील एका सभासदाचा दीड एकर आडसाली ऊस आठवडाभर बुडून होता. पाणी उतरल्यावर आम्ही पाहणीला गेलो. शेंडे कुजलेले, पोंग्यात गाळ भरलेला. आम्ही आमच्या पद्धतीने सांगत सुटलो : साचलेले पाणी काढा, कुजलेले ऊस वेगळे करा, उभा राहील त्याला खताची मात्रा द्या. गृहस्थ मान हलवीत होते. पुढच्या फेरीला पाहिले तर यातले काहीच केलेले नव्हते. आम्ही मनात त्यांना आळशी ठरवून मोकळे झालो. हे आमचे चुकले.

ते गृहस्थ गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. पूर आल्यापासून पखवाज खुंटीला टांगलेला होता, वर फडके बांधलेले. त्यांच्या कारभारणीने आम्हांला चहा देता देता सांगितलं, "रातचं झोपत न्हाईत, साहेब. नुसतं आढ्याकडं बघत पडत्यात." आम्ही ते ऐकले आणि पुन्हा युरियाचेच बोलून निघालो.

पुढे कार्तिकातली काकड आरती सुरू झाली. मंडळातल्या एका म्हाताऱ्या गड्याने त्यांच्या घरी जाऊन पखवाज उचलून देवळात आणला आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, "ह्यो वाजंना झालाय. वाजवू नगंस, कणिक तेवढी लावून दे." ते आले, धुमेला कणिक लावली आणि गेले. चार-पाच दिवस असेच. मग एका पहाटे कणिक लावून झाल्यावर उठले नाहीत. ठेका धरला. मंडळींनीही काही विचारले नाही, अभंग सुरू ठेवला.

कर्ज फिटले नव्हते, ऊसही परत उभा राहिला नव्हता. पण त्या आठवड्यात त्यांना झोप लागू लागली. पंधरवड्याने ते स्वतः गटऑफिसात येऊन खोडवा ठेवू की मोडू, असे विचारू लागले. आमच्या सल्ल्याला वाफसा आला तो असा. त्या म्हाताऱ्याला जे समजले ते पदविका घेतलेल्या आम्हांला समजले नव्हते. तेव्हापासून आम्ही या विषयाकडे डोळे उघडून पाहू लागलो.

काम यंत्राकडे गेले, गाणे कुठे गेले?

आमच्या आजोबांच्या पिढीने मोट हाकली. बैल धावेवरून उतरू लागले की मोटकरी गाणे म्हणे. पहाटेच्या अंधारात, एकट्या माणसाला तेवढाच सोबती. भातकापणीला भलरी असे. आपल्या पश्चिम भागात चिखलात रोप लावताना डोक्यावर इरले घेतलेल्या बाया ओळीने वाकून गात. घरोघर जाते होते आणि जात्यावर ओवी होती. मग इंजिन आले, विजेची मोटर आली, मळणीयंत्र आले, गावात पिठाची गिरणी आली. कष्ट कमी झाले हे फार चांगले झाले. त्या कष्टांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. ज्या बाईने पहाटे तीनला उठून दोन पायल्या दळले तिला विचारा, ती गिरणीलाच आशीर्वाद देईल. पण कामाबरोबर गाणेही गेले, आणि त्या गाण्याबरोबर दररोज न कळत होणारा निचरा गेला, हे आपल्या ध्यानात आले नाही.

जात्यावरची ओवी म्हणजे काय होते ते बघा. सासुरवाशिणीला घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. पण जात्याच्या घरघरीत ती सीतेचा वनवास गाई, आणि त्यात स्वतःचाही गाई. भावाची आठवण, लेकीची काळजी, नवऱ्याचा राग, विठ्ठलाशी भांडण, सगळे त्या ओवीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतेव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून आपल्या सहकाऱ्यांसह अशा ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी रचलेले हे भांडार आहे. एवढ्या बायांना एवढे बोलायचे होते आणि बोलायला जागा ती एकच होती, असाच याचा अर्थ.

श्रावण-भाद्रपदातला फेर, झिम्मा, गौरीपुढची फुगडी यांतही हेच. सासूची नक्कल करून हसता हसता मनातली मळमळ निघून जाते. दुसऱ्या दिवशी त्याच सासूबरोबर भांगलणीला जाता येते.

गाताना अंगात काय घडते?

यात जादू काही नाही. आम्हांला समजले तेवढे साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट श्वासाची. धडधाकट माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. काळजीत असलेल्याचा श्वास वरच्यावर आणि भराभर चालतो. गाताना मात्र श्वास झटकन घ्यावा लागतो आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू सोडावा लागतो. श्वास सोडताना काळजाचा ठोका जरासा मंदावतो. हा शरीराचा नेमच आहे. मेंदूतून निघून काळीज आणि पोटाकडे जाणारी एक मोठी नस आहे, तिच्या द्वारे "आता धोका नाही" असा निरोप अंगभर जातो. २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी काही माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. म्हणजे धर्म कोणता, भाषा कोणती, यावाचून अडत नाही. लांब श्वासाची ओळ पुन्हा पुन्हा म्हणणे महत्त्वाचे. आपला हरिपाठ याहून वेगळे काय करतो?

दुसरी गोष्ट सोबतीची. २०१३ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात असे दिसले की, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एका लयीत वरखाली होऊ लागतात. टाळाच्या ठेक्यावर वीस माणसे एकदम श्वास घेतात आणि एकदम सोडतात, तेव्हा एकटेपणा टिकत नाही. तिथे कोणाला आपले रडगाणे सांगावे लागत नाही, की कोणाचे ऐकून घ्यावे लागत नाही. आपल्या भागातल्या पुरुष माणसाला "मला दुःख झाले" असे म्हणायची लाज वाटते. टाळ वाजवायची लाज वाटत नाही. हा फायदा लहान नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची. मनातले दुःख नुसतेच घुमत राहिले की वाढते, शब्दांत आले की त्याला काठ पडतात. राधानगरी-कोल्हापूर रस्त्यावरच्या हळदी गावचे कवी जगदीश खेबूडकर (१९३२-२०११) आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेत. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचे घर जळाले, तेव्हा त्यांना सोळावे वर्ष चालू होते. त्यांची पहिली कविता त्या आगीतून आली. पुढे त्यांनी मराठी चित्रपटाला गाणी दिली ती आजही बांधाबांधावर ऐकू येतात. जळलेले घर कवितेने परत आले नाही. पण त्या पोराच्या मनातली आग त्याला जाळीत बसली नाही, तिला वाट मिळाली.

"आमचा आवाज कुठला!"

गावोगाव हेच ऐकू येते. त्याला आमचे उत्तर कोल्हापूरचेच आहे. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, त्यांच्याच दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब (१८५५-१९४६) गायक होते. शेताला पाणी हवे आणि माणसाला गाणे हवे, हे दोन्ही त्या राजाने जाणले होते. तर या खाँसाहेबांचा आवाज उमेदीच्या वयात अति गाण्याने बसला. पुढे गळा उघडला, पण पूर्वीचा आवाज परत आला नाही. त्यांनी गाणे सोडले नाही. उरलेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी नवीच गायकी त्यांनी बांधली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा थोर गायिका त्या गायकीत तयार झाल्या. गेले ते धरून न बसता उरले त्यातून उभे राहणे, हे खोडवा राखणाऱ्याला वेगळे शिकवायला नको. आणि आपल्याला तर मैफल मारायची नाही, देवळाच्या सोप्यात बसायचे आहे. तिथे फाटका आवाजही खपतो.

काय करावे?

१. ऐकण्यापेक्षा स्वतः गावे. मोबाईलवर गाणे लावून पडून राहण्याने बरे वाटते, हे खरे. पण श्वासाचा फायदा गाणाऱ्यालाच होतो. गाता येत नसेल तर टाळ धरावा, टाळी वाजवावी, निदान गुणगुणावे.

२. रोज थोडे, नेमाने. ठिबकचे पाणी जसे थोडे थोडे पण मुळाशी, तसे. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटे पुरेत. महिन्यातून एकदा रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी डोके धरून बसण्यापेक्षा हे बरे.

३. मन उदास असता एकदम उडत्या चालीचे गाणे लावू नये. ते टोचते. आधी आपल्या मनाच्या जवळचे, संथ गाणे घ्यावे, मग हळूहळू चाल वाढवीत न्यावी. संगीतोपचार करणारी मंडळीही हीच रीत वापरतात. आपल्या भजनात तरी दुसरे काय होते? सुरुवात संथ असते, आणि शेवटी टाळ कसे धावतात ते सर्वांनी पाहिले आहे.

४. आठवड्यातून एक वार मंडळाचा ठेवावा. कोण आले यापेक्षा कोण येईनासा झाला, याकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. त्याच्या घरी जावे, पण उपदेश करू नये. एखादे काम सांगावे. सतरंजी घालायला बोलवावे, कणिक लावायला बोलवावे.

५. बायकांची बैठक स्वतंत्र व्हावी आणि त्या वेळेत घरचे काम पुरुषांनी पाहावे. घरात म्हातारी असेल तर नातवंडांनी तिच्या ओव्या मोबाईलमध्ये भरून घ्याव्यात. ओवी टिकेल, आणि आपल्याला कोणी विचारते आहे या जाणिवेने म्हातारीही सुखावेल.

६. लकव्याने वाचा गेलेल्या काही रोग्यांना बोलता येत नाही, पण ओळखीचे गाणे म्हणता येते. बोलणे आणि गाणे यांची मेंदूतली वाट पुरती एक नाही. १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून सुरावर शब्द म्हणवून घेण्याची उपचारपद्धत मांडली. घरात असा रोगी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याच्याबरोबर त्याचा आवडता अभंग म्हणून पाहावा. विसरभोळ्या झालेल्या वृद्धांनाही तरुणपणीची गाणी आठवतात. तेवढा वेळ ते आपल्यात परत येतात.

७. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ती माणसे घरदार सोडून परमुलखात आलेली असतात. मंडळाच्या वारी त्यांनाही बोलावणे धाडावे. त्यांच्याकडेही गाणी आहेत.

८. आवाज बेताचा असावा. डॉल्बीने निचरा होत नाही, कानाचे पडदे मात्र ढिले होतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढल्यास ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते, आणि डॉल्बीचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर कर्णे लावणाऱ्या चालकांनाही आमची हात जोडून विनंती आहे. मागच्या गाडीचा हॉर्न तुम्हांला ऐकू येत नाही, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे त्याची झोप तुम्ही मोडता.

काय होत नाही, तेही ऐका

अमुक राग ऐकला की तमुक रोग बरा, असे सांगणारे भेटतात. त्याला भरवशाचा पुरावा नाही. रक्तदाबाची, साखरेची गोळी गाण्यासाठी बंद करू नका. उसाला सनई ऐकवली तर टनेज वाढते काय, असेही एका सभासदाने आम्हांला विचारले होते. आमची तशी शिफारस नाही. गाण्याने उसाचे वजन वाढत नाही, उसाच्या मालकाचे ओझे तेवढे हलके होते.

आणि ओझे हलके करण्यालाही हद्द आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून २०१७ साली तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, नैराश्याच्या आजारात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिल्यास काही काळापुरता अधिक आराम पडतो. "जोडीला" हा शब्द ध्यानात ठेवा, औषधाच्या "ऐवजी" नव्हे. चर कितीही खोल काढला तरी नदीच शेतात शिरली तर चर पुरा पडत नाही. तिथे दुसरी मदत आणावी लागते.

तेव्हा घरातल्या माणसाची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, एकाएकी दारू वाढली असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे शब्द तोंडून निघत असतील, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका. तणनाशक, कीटकनाशक यांच्या बाटल्या घरातून हलवून कुलपात ठेवा. हे तर सर्वांनी एरवीही करावे. सरकारची "टेली-मानस" ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करून मराठीत बोलता येते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सी.पी.आर. रुग्णालयात दाखवता येते. ताप आला तर डॉक्टरकडे जायला आपण लाजत नाही, मग मनाला ताप आला तर का लाजावे?

आणि आणखी एक. शेतकऱ्याच्या काळजीमागे पुष्कळदा खरी कारणे असतात. पूर असतो, कर्ज असते, लेकीचे लग्न असते, बिलाची वाट असते. ती कारणे भजनाने मिटत नाहीत आणि भजन सांगून कोणी त्यांवर पांघरूण घालू नये. त्यांचा विचार सभेत, सोसायटीत, हिशेब मांडूनच व्हायला हवा. पण हिशेब मांडायला माणूस शाबूत हवा, रात्री चार तास झोपलेला हवा. गाण्याकडून आमची अपेक्षा एवढीच आहे.

ज्या सभासदाची गोष्ट वर सांगितली ते आजही पखवाज वाजवतात. आता आम्ही त्यांच्या गावी पाहणीला गेलो की आधी ऊस कसा आहे हे विचारत नाही. "काय आबा, मंडळ चालू हाय न्हवं?" असे विचारतो. मंडळ चालू असले की बाकीचे बोलणे सोपे जाते. आमच्या गटातील फिल्डमननाही आम्ही हेच सांगून ठेवले आहे.

गळिताचे दिवस आले की कोणाला उसंत राहत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तुमच्या वाडीतला पखवाज कुठे खुंटीला टांगलेला असेल, तर या आठवड्यात खाली काढा. कणिक लावायला कोणाला बोलवायचे, ते तुम्हांला ठाऊक आहेच.



आपला,
ऊस विकास अधिकारी